आमची वाटचाल : हिरवा दिवा आणि ते पाच दिवस

बेळगावच्या टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटजवळ दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही दोघांनी धंदा सुरू केला. भागीदार निपाणीचा, मी खानापूरचा. तो प्रोग्राम लिहायचा, मी स्कूटरवरून ग्राहक फिरायचो. उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या फाउंड्र्यांना, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांना, मेल सर्व्हर (ऑफिसची मेल पाठवणारं-घेणारं मशीन) बसवून द्यायचा, उबंटू सिस्टिमवर पोस्टफिक्स हा मेल पोचवणारा प्रोग्राम, आणि वर्षाचा एएमसी, म्हणजे देखभालीचा करार. सोबत आमचा दिवा. हा दिवा भागीदाराने लिहिलेला, विंडोजवर घड्याळाशेजारी बसणारा. दर मिनिटाला सर्व्हरच्या २५ नंबर पोर्टला, म्हणजे मेल घ्यायच्या दाराला, जोडून बघायचा. जोडणी झाली की हिरवा, नाही तर तांबडा. बेळगावात असं स्वतःचं काही बनवून देणारे आम्हीच, याचा अभिमान होता आणि आहे.

पहिले ग्राहक म्हणजे फाउंड्रीवाले काका. त्यांनी आगाऊ चेक दिला म्हणून आमचा पहिला कॉम्प्युटर आला.

एका पावसाळ्यात काकांकडं दुसऱ्या एका कंपनीचा माणूस आला. 'फास्ट लाइन देतो' म्हणाला आणि मंगळवारी संध्याकाळी जुनी इंटरनेट लाइन काढून नवी टाकून गेला. आम्हाला एक फोनसुद्धा नाही. बुधवारी सकाळी मेल बंद. भागीदार गेला. डीएनएस म्हणजे इंटरनेटवरच्या नावावरून मशीनचा नंबर सांगणारी सोय; सर्व्हरला नावं शोधायला दिलेले तिचे पत्ते जुन्या लाइनवाल्याचे होते, आणि तो बाहेरच्या जाळ्यातून विचारलं तर उत्तरच देत नव्हता. भागीदाराने ते पत्ते ठेवणाऱ्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये नवे पत्ते घातले, पिंग करून बाहेरचं मशीन लागतंय हे बघितलं, होस्टिंग कंपनीकडं आलेली मेल फेचमेल या प्रोग्रामनं ओढून आणली. दिवा हिरवा. भागीदार परत आला.

सोमवारी संध्याकाळी काकांच्या अकाउंटच्या अण्णांचा फोन. "काय वो, आमची मेल परत आलीया की!" पुण्याच्या एका कंपनीला व्हॉल्व्ह बॉडीच्या कास्टिंगचं कोटेशन बुधवारी दुपारी पाठवलेलं. मुदत शनिवारची. पोस्टफिक्स मेल गेली नाही तर पाच दिवस प्रयत्न करतो आणि तोवर पाठवणाऱ्याला काही कळवत नाही. त्यामुळे पाच दिवस कुणाला पत्ता नाही आणि सोमवारी बुधवारच्या मेल परत यायला लागल्या.

मी धावलो. मेलक्यू ही रांग दाखवणारी कमांड मारली तर २१२ मेल अडकलेल्या. मग लॅपटॉपवरून टेलनेट केलं, म्हणजे हातानं पोर्ट २५ ला जोडून बघितलं. जोडणी लगेच झाली, पण पुढं नुसता कर्सर लुकलुकतोय. मी तोंडातल्या तोंडात मोजत होतो. वीसला २२० ची ओळ आली, म्हणजे 'बोला, तयार आहे' हे सर्व्हरचं पहिलं उत्तर. तेच सर्व्हरच्या स्वतःच्या स्क्रीनवरून केलं तर क्षणात आली. म्हणजे जोडणाऱ्या मशीनच्या नंबरावरून त्याचं नाव उलटं शोधताना पोस्टफिक्स थांबत होता. ऑफिसातली मंडळी आउटलुक वीस-वीस सेकंद अडकतंय म्हणून नव्या लाइनलाच नावं ठेवत बसलेली.

पण डीएनएस तर चालू होतं! नाव शोधून बघायच्या होस्ट कमांडला उत्तर येत होतं. अर्धा तास गेला. मग आठवलं : या उबंटूवर पोस्टफिक्स स्वतःच्या बंद खोलीत चालतो, व्हार-स्पूल-पोस्टफिक्स या फोल्डरमध्ये, त्याबाहेरच्या फाइली त्याला दिसत नाहीत, आणि तिथं त्याची रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची स्वतःची प्रत असते. उघडून पाहिलं, तर जुनेच पत्ते; म्हणून बाहेरची मेलही जात नव्हती. सर्व्हिस सुरू होताना ती प्रत नव्यानं होते, आणि बुधवारी पोस्टफिक्स रिस्टार्ट केलेलाच नव्हता. रिस्टार्ट केला, अडकलेली मेल लगेच पाठवायला लावणारी पोस्टक्यू वजा एफ कमांड दिली, दहा मिनिटांत रांग रिकामी. कोटेशनची मुदत मात्र गेली ती गेलीच.

त्याच आठवड्यात तो लाइनवाला उद्यमबागभर सांगत फिरला, 'यांचा दिवा खोटा.' अर्धे ग्राहक गेले. लाइन बदलणारा तो, आणि खोटे आम्ही! इतकी वर्षं झाली, अजून ते विसरलो नाही. भागीदार मनानं खचला आणि नोकरीला पुण्याला गेला. गाळ्याचं भाडं तीन महिने थकलं होतं. काकांनी बोलावून घेतलं. मला वाटलं, एएमसी तोडणार. त्यांनी भट्टीकडं बोट केलं. म्हणाले, "पोरा, आत धातू किती तापलाय हे बाहेरच्या दिव्यावरनं कळत नाही, आत मोजावं लागतं. तुझं पण तसंच कर." आणि पुढच्या वर्षाचा चेक लिहिला.

मी तसंच केलं. आता आमचा दिवा जोडणीवर समाधान मानत नाही. २२० यायला किती सेकंद लागले ते मोजतो, रांगेत किती मेल आहेत आणि सर्वांत जुनी किती वेळची आहे ते विचारतो, दर दहा मिनिटांनी बाहेरच्या खात्यावर एक चाचणी मेल पाठवून ती पोचली का ते आयमॅपनं, म्हणजे त्या खात्याची पेटी उघडून, बघतो. न पोचल्यास दिवा पिवळा होतो, आणि आमच्या फोनवर मेसेज येतो.

नव्या पोरांना सांगतो : लाइन बदलली की पोस्टफिक्स रिस्टार्ट केल्याशिवाय उठू नका. चाचणी मेल जीमेलला पाठवा, आतल्या आत नको. आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर एक वही ठेवा, कागदाची, कुणी काय बदललं त्याची तारखेसकट नोंद.

पुढची वर्षं सुरळीत गेली. काकांचा मुलगा आता फाउंड्री बघतो, त्याची मेल क्लाउडवर गेली. "दिवा मात्र राहू दे," म्हणाला. गेल्या पावसाळ्यात सकाळी सव्वासातला तो पिवळा झाला. डोमेनची, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या कंपनीच्या नावाची, मुदत संपली होती. अण्णा ऑफिसात पोचायच्या आत मी पैसे भरून ठेवले.