चंबळचे बीहड : डाकू राहिले बाजूला, माती बघून आलो

ग्वाल्हेरला मावसभावाकडे गेलो होतो (तिकडे शिंद्यांच्या काळापासूनची बरीच मराठी घरं आहेत), किल्ला बघून झाल्यावर त्याला म्हटलं आता चंबळ दाखव. मग मुरैनाहून धौलपूरच्या रस्त्याने राजघाटच्या पुलाकडे निघालो आणि नदीच्या अलीकडेच दोन्ही बाजूंना बीहड (म्हणजे मातीत कोरलेल्या घळींचं जाळं) सुरू झाले.

सिनेमात हे डोंगर वाटतात ना, प्रत्यक्षात सगळं उलटं आहे. सगळ्या टेकाडांचे माथे एकाच पातळीत, कारण ती मुळात सपाट जमीनच, पाण्याने वरून खाली कोरत नेलेली. नदी शेतांपेक्षा कितीतरी खाली वाहते, माती गाळाची आणि खोल, आत चुनखडीचे खडे सोडले तर दगड नावाला नाही, त्यात आठ महिने कोरडं आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये धो धो पाऊस, झाडं तुटलेली, गुरांनी गवत खाल्लेलं, म्हणजे पाण्याला अडवायला कोणीच नाही. आधी नुसती वरची माती जाते, मग बोटाएवढ्या ओघळी, मग घळ, आणि घळीचं तोंड दर पावसाळ्यात मागे मागे शेतात सरकत राहतं.

एका मोहरीच्या शेताच्या कडेला थांबलो. तिथल्या बाबांनी कडेपासून थोडं आत एक भोक दाखवलं, मला वाटलं उंदराचं बीळ. ते म्हणाले, "चूहे का नहीं, पानी का है." पावसाचं पाणी या भोकातून आत शिरतं आणि खाली घळीच्या भिंतीतून बाहेर पडतं, आतली माती घेऊन, मग एक दिवस वरचं छत धपकन बसतं आणि शेत तेवढं कमी. खाली वाकून बघितलं तर भिंतीत खरंच दुसरं तोंड होतं, खाली ताज्या मातीचा ढीग आणि वर कडुलिंबाची मुळं हवेत लोंबकळत. बाबा म्हणे विहिरींचं पाणीही खाली गेलं. जाणारच, आजूबाजूला एवढ्या खोल चर पडल्यावर जमिनीत पाणी थांबणार कसं?

पुढे जेसीबी लावून बीहड सपाट केलेले दिसले, वर हिरवीगार मोहरी. भाऊ खूश, बघ म्हणे जमीन परत मिळाली. मला काही पटलं नाही. भुसभुशीत भरावाची माती ती, वरून येणारं पाणी तसंच सोडलं तर परत ओघळी पडणार, आणि एका कडेला पडल्याही होत्या. उथळ घळी सपाट करा की, पण खोल घळींना गवत-झाडंच बरी आणि त्याआधी वरच्या शेतांना बांध हवेत. आपल्याकडचे पाणलोटवाले माथा ते पायथा म्हणतात ते इथे अगदी लागू आहे. झाडं म्हणजे विलायती बाभूळ बेसुमार माजलीय, एकेकाळी विमानातून बी टाकलेलं. माती धरते म्हणे, पण खाली गवत फारसं दिसलं नाही.

डाकूंचं म्हणाल तर फूलनदेवी भिंडला शरण आली ते 1983 साल, आता तिकडे घाबरण्यासारखं काही नाही. राजघाटला बोट मिळते, घडियाल म्हणजे आपल्या सुसरी आरामात वाळूवर पडलेल्या दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, मुरैनाची गजक (तीळ-गुळाची मिठाई) घ्या, आणि बीहडाच्या अगदी कडेवर उभं राहून सेल्फी काढू नका, खाली पोकळ असू शकतं.