तुम्ही विचारलंत म्हणून : रुमालात अजून काय शोधायलाय?

"शाहू महाराजांवर एवढी पुस्तकं झाली, विद्यापीठानं त्यांचे कागद खंडच्या खंड छापले, दर 26 जूनला, त्यांच्या जयंतीला, कोल्हापूरच्या दसरा चौकात गर्दी होती. मग दरबारच्या जुन्या कागदांच्या त्या रुमालांत, कापडी गाठोड्यांत, अजून काय शोधायलाय तुम्ही?"

हा प्रश्न मला गल्लीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, मोडी लिपीच्या माझ्या वर्गात नव्यानं आलेली पोरं तर पहिल्याच दिवशी विचारतात. विचारणारा आपुलकीनं विचारतो, म्हणून उत्तरही एकदा सविस्तर द्यावं म्हणते.

मला हुकूम सुटल्यानंतर काय झालं ते शोधायचं आहे. हुकूम आपल्याला पाठ आहेत. तो सुटल्यावर कुठल्या कचेरीत पोचला, कुणी वाचला, कुणी दाबून ठेवला, कुणाच्या घरात त्यामुळं पहिला पगार आला, हे फार थोडं ठाऊक आहे.

26 जुलै 1902 चंच घ्या. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते, आणि इकडं करवीर सरकारच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, गॅझेटात हुकूम प्रसिद्ध झाला : यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भराव्यात. भाषणात आपण इथंच टाळ्या वाजवतो. पण हुकूम इथं संपत नाही. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण 50 टक्क्यांहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक यांच्यातल्याच माणसाची करावी, असं पुढं म्हटलंय. आणि अखेरीस, या हुकमानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचं पत्रक प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं दर तिमाहीला सरकारात पाठवावं, असं बजावलंय.

या शेवटच्या कलमावर माझा फार जीव आहे. 2 एप्रिल 1894 ला महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या वरच्या 71 जागांपैकी 60 जागांवर एकाच जातीची माणसं होती. नुसत्या हुकमानं ही घडी बदलणार नाही, हे आठ वर्षांच्या कारभारात त्यांनी पुरतं ओळखलं होतं. खातेप्रमुख "योग्य उमेदवार मिळाला नाही" म्हणून हात वर करणार, जागा तशीच ठेवणार किंवा आपलाच भाचा बसवणार. म्हणून हिशेब मागितला, तोही दर तीन महिन्यांनी. विशीत कारभार हाती घेतलेल्या आणि तेव्हा अठ्ठाविशीत असलेल्या माणसाची ही कारभाराची जाण बघितली की मला त्यांच्या उदारपणाइतकाच त्यांच्या चिकाटीचा अभिमान वाटतो.

आता विचार करा, असं एक कलम घातलं की त्यातून किती कागद जन्माला येतो. खात्याकडून पत्रक, पत्रक आलं नाही तर स्मरणपत्र, त्यावर खुलासा, खुलाशावर शेरा. उमेदवाराचा अर्ज, त्याच्या शिक्षणाचा दाखला, जामीन, नेमणुकीचा हुकूम, पगारपत्रकावरचं नाव. महाराजांची सही यातल्या एखाद्याच कागदावर असेल. बाकीचे कागद कारकुनांचे, मास्तरांचे, मामलेदारांचे आणि अर्जदारांचे. मी शोधते ते हेच.

असाच एक अर्ज मी वाचला, भुदरगड पेट्यातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका कुणब्याच्या मुलाचा. फी माफ व्हावी आणि बोर्डिंगात राहण्याची सोय व्हावी, एवढंच मागणं. अर्ज दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेला, अक्षर सराईत. खाली मुलाची स्वतःची सही मात्र एकेक अक्षर सुटं, दाबून काढलेलं. डाव्या बाजूला समास मोकळा सोडलेला आणि त्यात तीन निराळे हात : आधी मास्तरांचा शेरा, मुलगा हुशार आहे म्हणून, मग कारकुनाचा, जागा शिल्लक नाही म्हणून, आणि त्याच्याखाली जाड टाकानं ओढलेली एक ओळ, सोय करून द्यावी. वरच्या ओळीत "नाही" आहे आणि खालच्या ओळीत "द्यावी". 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगनं सुरुवात झाली आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या समाजांची अशी वसतिगृहं एकामागून एक उभी राहिली, हे आपण शाळेत शिकलो. त्या वसतिगृहाच्या दारापर्यंत एकेक पोरगं कसं पोचलं, ते असल्या समासात सापडतं.

"छापलंय की सगळं" म्हणणाऱ्यांना सांगते : शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रानं काढलेल्या खंडांचं ऋण मोठं आहे. डॉ. विलास संगवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं ते काम हाताशी नसतं तर माझ्यासारखीला सुरुवातच करता आली नसती. पण त्यातला मोठा भाग इंग्रजी पत्रव्यवहाराचा आहे : पोलिटिकल एजंट, रेसिडेंट, गव्हर्नर, महाराजांचे गुरू फ्रेझरसाहेब. त्यात महाराज ब्रिटिशांशी कसे बोलत, कुठं नमतं घेत आणि कुठं अडून बसत, ते दिसतं. रयतेशी मात्र कारभार मराठीत चाले, आणि त्यातला कितीतरी मोडीत. तो वाचायला माणसं हवीत आणि तीच कमी पडतात.

मोडी अवघड आहे का, हाही ठरलेला प्रश्न. नाही. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं, ही तिची रीत. शब्दांत जागा सोडलेली नसते, ह्रस्वदीर्घाचा भेद नसतो, विरामचिन्हं नसतात. अक्षरं थोड्या दिवसांत येतात. खरा वेळ लागतो तो संक्षेपांना आणि कालगणनेला. इसवी सन काढायला, जुन्या महसुली कागदावर फसली सन असेल तर त्यात 590 मिळवायचे, शुहूर सन असेल तर साधारण 600. "बिन" म्हणजे कुणाचा मुलगा, "मौजे" म्हणजे गाव, इतपत कळलं की तुम्ही तुमच्याच गावच्या माणसांत जाऊन बसता. माझ्या वर्गातल्या एकीला तिच्या पणजोबांचं नाव एका यादीत सापडलं, तेव्हा बराच वेळ तिनं पुढचा कागद उलटला नाही.

कागद आहेत कुठं? संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि दरबारची दप्तरं सरकारकडं गेली. त्यांचा मुख्य साठा आज कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे. इंग्रजांच्या बाजूचा कागद मुंबईच्या पुरालेखागारात आणि लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. कोल्हापूरच्या एका प्रकरणाची कोल्हापुरातली बाजू आणि मुंबईची बाजू शेजारी ठेवून वाचली तरच प्रकरण कळतं. महाराजांच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला, त्या वेदोक्त प्रकरणाचं तसंच, 1918 साली रद्द झालेल्या कुलकर्णी वतनाचं, म्हणजे गावचं दप्तर वंशपरंपरेनं सांभाळायच्या हक्काचंही तसंच. वतन गेलं आणि पगारी तलाठी आले, तेव्हा तक्रारी मुंबईपर्यंत गेल्या. इथला कागद वाचल्याशिवाय मात्र गावात त्या दिवशी दप्तर कुणी कुणाच्या हवाली केलं, ते समजायचं नाही.

चौथा साठा तुमच्या घरात आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. 2005, 2019, 2021. पंचगंगेचं पाणी ज्या ज्या घरात शिरलं, तिथल्या माळ्यावरच्या ट्रंका वाचल्या आणि पलंगाखालच्या गेल्या. जुन्या हातकागदावरची काजळाची शाई शंभर वर्षांत फिकी पडत नाही, पण पाण्यात विरघळून पसरते. त्याहून वाईट म्हणजे आपणच मायेनं केलेले उपाय. कृपा करून जुन्या कागदाचं लॅमिनेशन करू नका, त्या उष्णतेनं आणि प्लास्टिकनं तो कायमचा जातो. फाटलं तिथं चिकटपट्टी लावू नका. घडी कडक झाली असेल तर जबरदस्तीनं उलगडू नका. भिजला असेल तर सावलीत, वाऱ्यावर, टिपकागदावर पसरा, उन्हात नको. मग स्वच्छ सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवा. जुने लोक खारव्याच्या, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाच्या, रुमालात बांधायचे, ते उगीच नव्हे : कापडातून हवा खेळती राहते.

आणि "आमच्याकडं काय, नुसत्या पावत्या आहेत" असं म्हणून बंबात घालू नका. 1917 साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला. शेतमजुराला तेव्हा रुपया ही मोठी रक्कम. तो दंड खरोखर वसूल झाला का, कुठल्या गावात झाला, सुगीच्या दिवसांत मास्तर नमतं घेत होते का, मुलींची नावं पटावर किती महिने टिकली? याचं उत्तर दंडाच्या पावतीत आहे आणि शाळेच्या हजेरीत आहे. तो कागद दरबारात आला नसेल तर मास्तरांच्या किंवा पाटलांच्या वाड्यातच राहिला असणार.

तेव्हा तुमच्या घरात कुणी संस्थानी शाळेत मास्तर होतं, कुणी नवा तलाठी म्हणून लागलं होतं, कुणी बोर्डिंगात राहून शिकलं होतं, तर माळा एकदा बघा. हजेरीपट, नेमणुकीचा हुकूम, फीमाफीचा कागद, दंडाची पावती, काहीही असो. मूळ कागद तुमच्याच घरी राहू दे, कुणाला देऊन टाकू नका, मलाही नको. दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजूंनी, समासासकट फोटो काढा आणि दाखवा. वाचून द्यायचं काम माझं.