पावणेपाच मिलिमीटरची वाळू

कोकणातल्या एका नदीत पुलाच्या वरच्या अंगाला गोट्यांचा तळ आहे. तो पुरात किती खरवडला जाईल, हे काढायचं काम माझ्याकडे होतं. संगणकावरच्या मॉडेलमध्ये दर पावसाळ्यात येणाऱ्या साध्या पाण्यातही तळ खचत होता. जागेवर मात्र गोटे शेवाळासकट जिथल्या तिथे. उतार तपासला, मॅनिंगचा गुणांक (तळाच्या खडबडीतपणाचा आकडा) तपासला, हिशेबाची टाइम स्टेप, म्हणजे वेळेचा टप्पा, निम्मी केली, वरच्या थराची जाडी बदलून पाहिली. काही फरक नाही.

मिश्र आकाराच्या गाळासाठी आम्ही विल्कॉक आणि क्रो यांचं 2003 सालचं सूत्र वापरतो. प्रत्येक आकाराचा हिशेब वेगळा, पण बारीक कण मोठ्यांच्या आडोशाला लपतात आणि मोठे उघडे पडतात, हे त्यात धरलेलं आहे. शिवाय वरच्या थरात वाळू वाढली की गोटेही लवकर सुटतात. पाणी तळाला जेवढं ओढतं तो ताण; सरासरी आकाराचा कण ज्या ताणाला हलू लागतो तो उंबरठा, मितीहीन रूपात (म्हणजे एककाविना), वाळू अजिबात नसताना 0.036 असतो. वाळू 5 टक्के असेल तर 0.0265, 20 टक्के असेल तर 0.0213. आकडे जवळचे वाटतात, पण उंबरठ्याजवळच्या प्रवाहात गाळाचं वहन ताण आणि उंबरठा यांच्या गुणोत्तराच्या साडेसाताव्या घातानं बदलतं. म्हणजे पाणी तेवढंच आणि वाहणारे गोटे पाचपट!

आमच्या प्रोग्रॅममध्ये वाळूचं प्रमाण वेगळं भरावं लागतं. लॅबच्या अहवालात पहिल्याच पानावर ‘वाळू 20 टक्के’ होतं, तेच भरलं गेलं. भारतीय मानकात 4.75 मिमीच्या चाळणीतून गेलं की ती वाळू. या सूत्रात वाळू म्हणजे 2 मिमीच्या आतली. दुसऱ्या पानावर 2 मिमीच्या चाळणीसमोर 5 टक्के लिहिलेलं होतं. लॅबचं काहीच चुकलं नव्हतं. पावणेपाचची चाळणी काँक्रीटसाठी आणि मातीकामासाठी योग्यच आहे. चूक आकडा उचलणाऱ्यांची, म्हणजे आमची.

नमुन्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सर्वांत मोठा दगड नमुन्याच्या एकूण वजनाच्या 1 टक्क्याहून जड नसावा, असा नियम आहे. 100 मिमीचा गोटा साधारण 1.4 किलोचा, म्हणजे नमुना 140 किलो हवा. आमच्याकडे आली एक गोणी, तीही वरचे गोटे बाजूला सारून भरलेली. मग पात्रात चालत, न बघता बोट टेकवून, हाताला लागेल तो दगड मधल्या अक्षावर (सर्वांत लांबही नाही, सर्वांत आखूडही नाही अशा बाजूवर) मोजायचा, असे निदान 100. बोटाला वाळू लागली तर तीही नोंदवायची. वरचा थर असाच कळतो.

हे आधी का सापडलं नाही, याचाच विचार अजून सुटत नाही. पडताळणी केली होती, पण एका मोठ्या पुरावर. ताण उंबरठ्याच्या चौपट झाला की वहनाचा वक्र सपाट होत जातो आणि वाळूच्या याच चुकीनं दीडपटीचाही फरक पडत नाही. मॉडेल बरोबर दिसलं, अहवाल पुढे गेला. पावसाळ्यात मात्र बहुतेक दिवस उंबरठ्याजवळच्याच पाण्याचे असतात. आता लॅबच्या फॉर्मवर 2 मिमीचा रकाना हातानं आखून देतो आणि जुन्या कामांच्या फायली एकेक करून उघडतो आहे.