राजा, माउली आणि माझी डावी टाच

पंढरपूरच्या वारीत दिवे घाट चढताना पाय अजिबात दुखत नव्हते, हे आता मलाच खरं वाटत नाही. सासवडचा मुक्काम म्हणजे नुसत्या रांगा, पाण्याची रांग, संडासची रांग, मोबाईल चार्जिंगची रांग. खरा प्रकार सुरू झाला सासवड सोडल्यावर. रात्रभर पाऊस, मोजे वाळलेच नाहीत, तेच घातले, आणि यमाई शिवरीच्या बरंच अलीकडे डाव्या टाचेला असा फोड आला की प्रत्येक पावलाला डोळ्यांत पाणी. तोंडाने ज्ञानोबा माउली तुकाराम आणि मनात शिव्या, दोन्ही एकाच तालात.

त्यात गुरुजी. आमच्या दिंडीतले रिटायर्ड मास्तर, माणूस अगदी सज्जन, पण बोलायला लागला की थांबत नाही. मी ख्रिश्चन आहे हे मैत्रिणीने हडपसरलाच सगळ्यांना सांगून टाकलेलं. कुणाला काही प्रॉब्लेम नव्हता, उलट पंगतीत मला जरा जास्तच आग्रह व्हायचा. (प्रॉब्लेम झाला तो घरी, आमच्या मामींना, पण ते जाऊ दे.) गुरुजींना मात्र विषय मिळाला. "माउली, तुमचा देव म्हणजे राजा. सिंहासन, मुगुट, न्यायनिवाडा. आमची विठाई म्हणजे आई. फरक आहे की नाही?" हे चहाला, हेच विसाव्याला, हेच चालताना.

राग यायचा कारण ते अर्धं खरं होतं. लहानपणापासून चर्चमध्ये बघत आलेय तो सोनेरी मुगुट घातलेला, हातात राजदंड धरलेला येशू. दर रविवारी "तुझे राज्य येवो" म्हणतो. नोव्हेंबरात आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांच्या, आधीचा रविवार ख्रिस्तराजाचा. हा सण तसा जुना नाही, पोप अकरावे पायस यांनी 1925 साली सुरू केला. पहिलं महायुद्ध संपलेलं, झार गेला, कैसर गेला, ऑस्ट्रियाचा सम्राट गेला, आणि इटलीत मुसोलिनी छाती काढून उभा, अशा वेळी त्यांनी सांगितलं की खरा राजा ख्रिस्त आहे. हे मी गुरुजींना चालता चालता धापा टाकत सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे राजाच ना?"

मग मी बसलेच. रस्त्याच्या कडेला एक दगड होता त्याच्यावर. म्हटलं जाऊ दे दिंडी पुढे, मरू दे.

तिथे ती आजी आली. परभणीकडची, डोक्यावर तुळस नाही काही नाही, पाठीला खताच्या पोत्याची पिशवी. मला काही विचारलं नाही, समोर चिखलात बसली आणि माझा बूट ओढून काढला. मी म्हणतेय आजी राहू द्या, आजी मी करते, तोपर्यंत पाय तिच्या मांडीवर. "येवढे म्हागाचे बूट कशाला गं, पाय का दुकानात ठिवायचेत?" बाटलीतलं पाणी ओतलं, तेही प्यायचं, आणि टाच, बोटं, बोटांच्या मधली घाण सगळं धुतलं. पदराने पुसलं. पिशवीतून सुई-दोरा काढला, सुई काडीने तापवली, फोडातून आरपार ओवली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. म्हणे पाणी झिरपत राहतं, कातडं निघत नाही. डॉक्टर लोक यावर काय म्हणतील ते मला माहितीय, कृपया सांगू नका. मी ओरडले तर म्हणाली, "वरड, वरड, इथं कोन ऐकतंय." तिची दिंडी पुढे निघून गेली ते तिला दिसत होतं. मला अपराधी वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर हिने आता लवकर आवरावं असंही वाटत होतं, कारण येणारेजाणारे सगळे बघत होते.

आणि सगळं झाल्यावर तिने त्याच पायावर डोकं टेकलं. "माउली." वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, दिवसभर मीही पडत होते, सवय झालेली. पण मी पाय मागे ओढला.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. बारा जण ठरलेले, सगळे घरून साबणाने पाय घासून, स्वच्छ मोजे घालून येतात, तांब्यातून चार थेंब, टॉवेल, झालं. बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानात, त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, प्रभू, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत. मला इतकी वर्षं वाटायचं की बिचारा नम्र आहे. त्या दगडावर बसून वाटलं की नम्र कसला, घाबरलाय तो. राजाच जर खाली बसला तर आपण कुठे बसायचं? आपल्याला राजा वर बसलेलाच परवडतो, मग आपली पायरी आपल्याला माहीत असते.

आजीचं नाव विचारायचं राहिलं. ती निघाली पण, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने.

जेजुरीला लंगडत पोचले, भंडारा, पिवळं सगळं. संध्याकाळी समाज आरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या आरतीला, गुरुजींच्या शेजारी उभी राहिले. एवढ्या दिंड्यांचे टाळ चालू, आणि चोपदारांनी दंड वर केला की एकदम चिडीचूप, अंगावर काटा येतो. फक्त एक दिंडी टाळ वाजवतच राहिली. म्हटलं यांना कळत नाही का? गुरुजी म्हणाले, "त्यांची तक्रार आहे. ज्याची तक्रार असते तो टाळ थांबवत नाही, चोपदार त्याच्याकडे जातात." आणि गेलेच की चोपदार, ऐकून घेतलं, मग टाळ थांबले.

मी म्हटलं गुरुजी, छत्र आहे, चवऱ्या आहेत, चोपदार आहेत, अश्व आहे, हा दरबार नाही तर काय? आता गुरुजीच सांगायला लागले, हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, त्यांनी हा थाट लावून दिला, अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे. "पण थाट कुणाला? पालखीत बघा. पादुका. आणि माउलींच्या अश्वावर स्वार नसतो."

मग मी सोडलंच नाही त्यांना. बायबलातला संदेष्टा शमुवेल लोकांना सांगतो की राजा मागू नका, तो तुमची पोरं रथापुढे पळवेल, पोरींना स्वयंपाकाला लावेल, पिकाचा दहावा हिस्सा घेईल. लोकांनी तरी मागितला. येशूने भाकरी वाटल्यावर लोक त्याला धरून राजा करायला निघाले तर तो एकटा डोंगरावर निघून गेला. मुगुट त्याने डोक्यावर येऊ दिला तो एकदाच, काट्यांचा, शिपायांनी टर उडवायला घातलेला, वर जांभळा झगा. आणि रोमन सुभेदार पिलाताने क्रुसावर पाटी लावली, यहूद्यांचा राजा, तीन भाषांत. पुजाऱ्यांनी बदलायला सांगितली तर म्हणाला, लिहिलं ते लिहिलं. म्हणजे आमच्या राजाचा राज्याभिषेक हा, गुरुजी, चेष्टेत झालेला, आणि आम्ही म्हणतो तोच खरा.

गुरुजी चक्क गप्प झाले, थोडा वेळ. मग म्हणाले, "मग सोन्याचा मुगुट कशाला घालता त्याला?"

म्हटलं, तुम्ही आषाढीला विठोबाला घालता तसाच.

हसले. पंगतीत स्वतः उठून माझ्या पानात भात वाढला, नको नको म्हणताना दोनदा. आणि दुसऱ्या दिवशी वाल्ह्याच्या वाटेवर, टाच ठणकतेय, ऊन पडलंय, तर मागून आवाज, "माउली, ते सगळं ठीक, पण शेवटी तुमचा देव न्याय करणार म्हणता ना, आई कधी न्याय करते का?"