लिलीची नोंद : यंदा गाठ उघडी ठेवली

मागच्या हंगामात माझ्या तळ्यातली वॉटर लिली कुजली. तीन महिन्यांत एकही कळी नाही, पानं एकेक करून पिवळी पडत गेली आणि शेवटी कुंडी वर काढली तर सडक्या अंड्यासारखा वास. गाठीवर, म्हणजे लिलीच्या आडव्या वाढणाऱ्या खोडावर, अंगठा दाबला, तो सरळ आत गेला. मी मातीत निम्मं शेणखत मिसळलं होतं आणि गाठ पूर्ण पुरून टाकली होती. कुंडीतल्या झाडाला हे चालून जातं. पण पाण्याखालच्या मातीत हवा जवळजवळ नसते, तिथे शेणखत आंबतं, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि मुळं काळी पडतात. त्यातलं जे पाण्यात उतरलं त्यावर शेवाळ पोसलं, ते वेगळंच.

यंदा दोन जाती आणल्या. थंडी सोसणाऱ्या गटातली पिवळी ‘क्रोमाटेला’, जिच्या पानांवर तपकिरी-जांभळे डाग असतात, आणि उष्ण कटिबंधातली फिकट निळी ‘डॉबेनियाना’. तळं दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, खोली ५५ सेंटिमीटर. दिवसाला सहा तास तरी ऊन मिळेल अशीच जागा आहे. त्याहून कमी उन्हात पानं भरपूर येतील, फुलं मात्र तुरळक.

लावणी

पसरट टोपली घेतली, ३५ सेंटिमीटर रुंद आणि २० खोल. लिलीची मुळं खाली जाण्यापेक्षा पसरणं पसंत करतात, म्हणून उंच कुंडी नको. माती साधी, जड, चिकण. मुठीत दाबली की बोटांचे ठसे राहतील अशी. कोकोपीट नाही, गांडूळखत नाही. हलकं काही मिसळलं तर ते तरंगून वर येतं आणि पाणी गढूळ करतं.

क्रोमाटेलाची गाठ टोपलीच्या कडेला तिरपी ठेवली. वाढीचं टोक मधल्या मोकळ्या जागेकडे आणि मातीच्या वर. हे टोक झाकायचं नाही, यंदाचा सगळा फरक मला तिथेच दिसला. डॉबेनियानाला अशी लांब गाठ नसते, सुपारीएवढा कंद असतो. तो टोपलीच्या मध्यावर, शेंडा उघडा ठेवून लावला. वरून बारीक खडी पसरली, म्हणजे मासे माती उकरत नाहीत. मग टोपल्या विटांवर ठेवल्या, शेंड्यावर फक्त १५ सेंटिमीटर पाणी राहील अशा.

तिसरा आठवडा

आधी पाण्याखालची पातळ, चुरगळल्यासारखी पानं आली. नंतर पहिली तरंगणारी पानं, खालून लालसर. एक वीट काढली. कोवळ्या पानांचे देठ तीन दिवसांत लांबले आणि पानं पुन्हा पृष्ठभागावर आली. दोन जून पानं बुडालेलीच राहिली, ती देठापासून कापली. खोली अशी टप्प्याटप्प्याने वाढवली तर झाड थकत नाही. आता शेंड्यावर साधारण ३५ सेंटिमीटर पाणी आहे, यापुढे खाली नेणार नाही.

कारंजं याच आठवड्यात बंद केलं. लिलीच्या पानाची रंध्रं वरच्या बाजूला असतात. पान सतत ओलं राहिलं की त्याचा श्वास अडतो, शिवाय हलतं पाणी लिलीला मुळातच मानवत नाही.

पाचवा आठवडा : मावा

एका सकाळी कोवळ्या पानांच्या कडा काळपट दिसल्या. जवळून पाहिलं तर मावा. तळ्यात गप्पी आहेत, त्यामुळे औषध फवारायचा प्रश्नच नव्हता. कडुनिंबाचं तेलही मी तळ्यात वापरत नाही. पानांवर जाळीची चौकट ठेवून ती रात्रभर पाण्याखाली दाबून ठेवली. सकाळपर्यंत बराच मावा सुटून गेला होता आणि मासे खूश होते. चार दिवसांनी पुन्हा एकदा केलं, मग शांतता.

सातवा आठवडा

कळ्या! क्रोमाटेलाला दोन, डॉबेनियानाला एक. त्याच्या दहा दिवस आधी हळूहळू विरघळणारी खताची गोळी टोपलीत बोटभर खोल खुपसली होती, गाठीला न चिकटवता. वाढीच्या दिवसांत दर पाच-सहा आठवड्यांनी एवढंच पुरतं.

निळ्या फुलाचे पहिले तीन दिवस मी तळ्याकाठी बसून काढले. पहिल्या दिवशी पुंकेसर अजून मिटलेले असतात आणि मध्यभागी कुक्षीची उथळ वाटी स्वच्छ द्रवाने भरलेली असते. एक बारीक माशी त्यात घसरली. अंगावरचा पराग त्या द्रवात धुतला जातो आणि फुलाचं काम होतं. माशी बहुधा वाचत नाही, माझ्यासमोरची तरी वाचली नाही. दुसऱ्या दिवशी वाटी कोरडी होती आणि पुंकेसर पराग देऊ लागले. म्हणजे फूल आधी मादी, मग नर. चौथ्या दिवशी ते मिटलं आणि पाण्याखाली गेलं. अशी फुलं लगेच कापून काढते, नाहीतर तळाशी कुजतात.

पिवळ्या फुलाचं आकर्षण मला वेगळ्या कारणाने आहे. युरोपातली पांढरी लिली आणि मेक्सिकोतली पिवळी यांचा हा संकर, जोसेफ लातूर-मार्लियाक यांनी केलेला. त्यांनी १८७५ मध्ये फ्रान्समध्ये रोपवाटिका काढली, १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात आपल्या रंगीत लिली मांडल्या आणि पुढे चित्रकार क्लोद मोने यांनी जिव्हर्नीच्या आपल्या बागेतल्या तळ्यासाठी त्यांच्याकडूनच रोपं मागवली. थंडी सोसणाऱ्या लिलीत रंग आणणं त्याआधी फारसं कुणाला जमलं नव्हतं. तेच झाड आपल्या तळ्यात फुललेलं पाहताना मला खरोखर भरून येतं.

अकरावा आठवडा

पानांनी पृष्ठभागाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग झाकलाय. पाणी आता इतकं नितळ की तळाची खडी मोजता यावी. सावली वाढली तसं हिरवं पाणी आपोआप ओसरलं. दोन तृतीयांशापेक्षा जास्त झाकलं गेलं तर जुनी पानं काढत राहीन.

आणि डॉबेनियानाच्या एका पानावर, देठ जिथे पात्याला मिळतो त्या ठिकाणी, आधी केसाळ गाठ आली, मग तिच्यातून नखाएवढी तीन पानं. ही जात पानावरच पिल्लं देते. ते पान देठासकट कापलं, चिकणमाती भरलेल्या पसरट भांड्यात ठेवलं, वर एक लहान गोटा आणि पाच सेंटिमीटर पाणी. आज सकाळी हलकेच ओढून पाहिलं तर सुटलं नाही. मुळं धरली आहेत.