विद्यार्थ्यांचं दहा पाउंडांचं तिकीट आणि शेजारच्या खुर्चीतला जुना प्रेक्षक

सप्टेंबर उजाडला की पुण्या-मुंबईकडची, नागपूर-कोल्हापूरकडची मुलं मास्टर्ससाठी लीड्स, शेफील्ड, बर्मिंगहॅम, न्यूकॅसलला पोचतात. पंधरा दिवसांत विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न येतो: फुटबॉल मॅचचं तिकीट स्वस्तात कुठे मिळेल? उत्तरं येतात, पण अर्धवट. तिकीट कसं काढायचं ते कुणीतरी सांगतं, पण ही सवलत नेमकी कुणाला मिळते, कुठल्या मॅचला मिळते आणि त्या स्टँडमधली जुनी मंडळी तिच्यावर का चिडतात, हे राहून जातं. खरं तर तेच आधी समजून घ्यायला हवं. नाहीतर तिकीट फोनमध्ये असूनही फाटकाबाहेर उभं राहायची पाळी येते.

इंग्लंडमध्ये ‘स्वस्त तिकीट’ म्हणजे दोन अगदी वेगळ्या गोष्टी. एक कायमची सवलत, तिला तिथे कन्सेशन म्हणतात. दुसरी एखाद्या मॅचपुरती ऑफर. प्रीमियर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या, नियमांनुसार क्लबांना ज्येष्ठांसाठी आणि लहान मुलांसाठी सवलतीचे दर ठेवावे लागतात. विद्यार्थ्यांचा त्यात समावेश नाही, ते सर्वस्वी क्लबच्या मर्जीवर. म्हणून एका क्लबात ‘स्टुडंट’ असा वेगळा दर दिसतो आणि शेजारच्या शहरातल्या क्लबात त्याचा मागमूसही नसतो.

बऱ्याच क्लबांनी विद्यार्थी हा शब्दच टाळून वयाचे टप्पे ठेवलेत: १८ ते २०, १८ ते २१, कुठे २४ पर्यंत. आपली मुलं इथेच फसतात. मास्टर्सला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचं वय तेवीस-चोवीसच्या पुढे असतं. विद्यापीठाचं ओळखपत्र कितीही कोरं करकरीत असलं तरी अशा क्लबात तुम्ही ‘अडल्ट’, म्हणजे दर पूर्ण. त्यामुळे क्लबच्या पानावर आधी दरांच्या तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा. ‘फुल टाइम स्टुडंट’ असे शब्द असतील तर तुम्ही बसता. नुसतं वय दिलेलं असेल तर पुढे जायची गरज नाही.

ऑफर कधी निघते हेही ठरलेलं असतं. मँचेस्टर युनायटेड किंवा लिव्हरपूल पाहुणे म्हणून यायचे असतील तेव्हा कुठलाच क्लब विद्यार्थ्यांना दहा पाउंडांत बसवत नाही, कारण ती तिकिटं तशीच संपतात. ऑफर येते ती जानेवारी-फेब्रुवारीतल्या मंगळवारी रात्री, थंडीत, गुणतक्त्यात मधल्या जागेवरच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध. किंवा लीग कप आणि एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत. कपच्या मॅच बहुतेक सीझन तिकिटांत (घरच्या मैदानावरच्या हंगामभराच्या लीग मॅचचं एकत्र तिकीट) धरलेल्या नसतात, त्यामुळे स्टँड रिकामे राहण्याची भीती असते. एफए कपमध्ये तर तिकीटविक्रीचे पैसे दोन्ही क्लबांत वाटले जातात आणि दरही दोघांच्या संमतीने ठरतात. त्यामुळे तिथे बहुधा सगळ्यांनाच दर कमी असतात, विद्यार्थी असण्याची गरजही पडत नाही. नाताळात इंग्रज विद्यार्थी घरी गेलेले असतात आणि आपली मुलं रिकाम्या हॉस्टेलवर असतात, पण २६ डिसेंबरची मॅच कुटुंबांची. तिला सवलतीची आशा धरू नका. त्या दिवशी रेल्वेही जवळपास बंद असते, तेव्हा चालत जाता येईल असंच मैदान निवडा.

आता पैशांचा हिशोब, कारण जुन्या प्रेक्षकाचा पहिला आक्षेप तिथलाच. समजा चॅम्पियनशिपमधल्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतल्या, एका क्लबाचं सीझन तिकीट ४६० पाउंडांचं आहे. घरच्या मैदानावर लीगच्या २३ मॅच, म्हणजे मॅचमागे २० पाउंड. हे पैसे त्या माणसाने वसंतात किंवा उन्हाळ्यात भरलेले असतात, टीम कशी असेल, मॅनेजर टिकेल का, यातलं काहीही माहीत नसताना. शिवाय टीव्हीच्या सोयीसाठी शनिवार दुपारच्या मॅच शुक्रवारी रात्री, रविवारी दुपारी सरकतात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याच्या त्यातल्या पाच तरी हुकतात. उरल्या १८. आता त्याची प्रत्येक मॅच साडेपंचवीस पाउंडांना पडली. आणि जानेवारीत त्याच्याच रांगेत, दोन खुर्च्या सोडून, दहा पाउंडांत कुणीतरी येऊन बसतं.

क्लबचा हिशोब उलटा आहे. सामना सुरू झाल्यावर रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. दहा पाउंडांच्या तिकिटातून २० टक्के दराचा व्हॅट वजा जाता क्लबच्या हाती ८ पाउंड ३३ पेन्स राहतात, वर एखादा ‘पाय’ (सारण भरलेला भाजलेला पदार्थ) आणि चहा खपतो. पण खरा हेतू पुढचा असतो. अठरा-वीसच्या वयात शनिवारी मैदानावर जायची सवय लागली तर तो माणूस पुढची चाळीस वर्षं सीझन तिकीट काढेल. हे गणित मला पटतं, एका अटीवर: जो आधीपासून चाळीस वर्षं काढतोय त्याला त्याची झळ बसता कामा नये.

आणि झळ बसल्याची उदाहरणं ताजी आहेत. टॉटनहॅमने २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की २०२५-२६ पासून नव्या ज्येष्ठांना सीझन तिकिटात सवलत मिळणार नाही, आणि ज्यांना आहे त्यांची ५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने २५ टक्क्यांवर येईल. प्रेक्षकांनी सामन्याच्या ६५व्या मिनिटाला मैदानाकडे पाठ फिरवून निषेध केला, पासष्ट हे सवलतीचं वय म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडने सीझन अर्ध्यावर असताना मेंबरांसाठी उरलेली तिकिटं सरसकट ६६ पाउंडांना लावली, सवलत मुलांना नाही आणि म्हाताऱ्यांनाही नाही. १ डिसेंबरला एव्हर्टनविरुद्धच्या मॅचआधी ओल्ड ट्रॅफर्डबाहेर निदर्शनं झाली. त्याआधी २०१६ मध्ये लिव्हरपूलने नव्या मेन स्टँडमध्ये ७७ पाउंडांचं तिकीट आणायचं ठरवलं, तेव्हा सुमारे दहा हजार लोक संडरलंडविरुद्ध ७७व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. टीम २-० ने पुढे होती, सामना २-२ सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. अशा आठवणी असलेल्या स्टँडमध्ये ‘विद्यार्थ्यांसाठी खास सवलत’ असा फलक लागला की लोकांना विद्यार्थी दिसत नाही, आपल्या म्हाताऱ्या बापाची काढून घेतलेली सवलत दिसते.

दुसरा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो. त्याच गल्लीतला एकोणीस वर्षांचा मुलगा, जो गोदामात पहाटेची पाळी करतो किंवा प्लंबरकडे उमेदवारी करतो, तो पूर्ण दर देतो. आणि परदेशातून येऊन हजारो पाउंड फी भरणारा त्याच्याच वयाचा विद्यार्थी निम्म्यात बसतो. त्या मुलाच्या आजोबांचं नाव कदाचित त्या स्टँडच्या विटेवर कोरलेलं असेल. वयाच्या टप्प्यांत हा भेद राहत नाही, आणि आपल्या मास्टर्सवाल्यांना ते गैरसोयीचे असले तरी न्याय्य तेच आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत तीव्र, आणि तो पूर्णपणे आपल्या हातातला: होम, म्हणजे यजमानांच्या, स्टँडमध्ये बसून पाहुण्या टीमचा जयजयकार. लहानपणापासून पुण्यात आर्सेनलच्या मॅच रात्री जागून पाहिलेला मुलगा आर्सेनल आपल्या शहरात येतेय म्हणून यजमान क्लबचं तिकीट काढतो, आत लाल जर्सी घालून जातो, गोल झाला की उठून ओरडतो. इंग्लंडमध्ये हे चालत नाही. स्टुअर्ड (मैदानावरचा व्यवस्था पाहणारा कर्मचारी) येऊन बाहेर काढतो, पैसे परत मिळत नाहीत, आणि अकाउंटवर बंदी येऊ शकते. यात उद्धटपणा नाही. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक वेगळे ठेवणं हा तिथल्या सुरक्षेचा पाया आहे. याच कारणाने मोठ्या मॅचला क्लब ‘आधीची खरेदी’ मागतात, म्हणजे त्याच अकाउंटवरून पूर्वी घरच्या एखाद्या मॅचचं तिकीट काढलेलं हवं. अर्धा रंग यांचा, अर्धा त्यांचा असे मफलर मैदानाबाहेर विकायला असतात. नियमाने बंदी नसली तरी जुन्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत ते खुपतात. साधं गडद जॅकेट घाला.

आता प्रत्यक्ष तिकीट. क्लबच्या वेबसाइटवर अकाउंट उघडलं की फॅन नंबर किंवा क्लायंट रेफरन्स मिळतो. नाव विद्यापीठाच्या ओळखपत्रावर आहे तस्संच टाका. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडून येतं, विद्यापीठाच्या नोंदीत ते कधी असतं कधी गळतं, आणि पडताळणी नेमकी तिथे अडते. पडताळणी बहुतेक युनिडेज किंवा स्टुडंट बीन्स या विद्यार्थी असल्याची खात्री करणाऱ्या ऑनलाइन सेवांमार्फत होते, त्यासाठी विद्यापीठाचा ईमेल चालू लागतो. तो बहुधा नावनोंदणी पूर्ण झाल्यावरच सुरू होतो, त्यामुळे ऑगस्टमधल्या मॅचवर पाणी सोडा. त्या सेवेकडून मिळणारा सवलतीचा कोड एकदाच चालतो आणि ठरावीक वेळात संपतो. आधी सीट निवडायला लागा, मग कोड काढा.

चौघांना शेजारी बसायचं असेल तर चौघांची अकाउंट आधीच ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’त जोडून एकाच व्यवहारात तिकिटं घ्या. प्रत्येकाच्या नावावर विद्यार्थी दर लागलाय ना, हे पैसे भरण्याआधी बास्केटमध्ये पाहा. तिथे एखाद्याचा ‘अडल्ट’ राहिला तर नंतर दुरुस्ती बहुधा होत नाही. सीटच्या नकाशावर ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ लिहिलं असेल तर समोर खांब किंवा छताची कडा येते. जुन्या मैदानांत हे फार आहे.

तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये येतं आणि फाटकावर एनएफसीने, म्हणजे फोन यंत्राजवळ धरून, लागतं, स्क्रीनशॉट चालत नाही. मैदानाजवळ हजारो फोनांमुळे नेटवर्क गुदमरतं, म्हणून खोलीवरच डाउनलोड करा आणि बॅटरी सांभाळा. सवलतीचं तिकीट लागलं की बऱ्याच मैदानांवर फाटकावरचा दिवा वेगळ्या रंगात पेटतो. त्या दिव्याकडे पाहूनच स्टुअर्ड ओळखपत्र मागतो. मित्राचं विद्यार्थी तिकीट घेऊन नोकरीवाला भाऊ आत जाऊ पाहतो तो इथेच अडकतो. फरक भरून तिकीट पूर्ण दराचं करून मिळतं, पण ते तिकीट खिडकीवर, मॅचच्या आधी. फाटकावर नाही. बॅग ए-४ कागदापेक्षा मोठी असेल तर अनेक ठिकाणी आत नेता येत नाही. बिअर फक्त आतल्या कॉनकोर्समध्ये (स्टँडमागच्या मोकळ्या जागेत), मैदान दिसेल अशा जागी नाही, तो १९८५ चा कायदा आहे.

अवे, म्हणजे दुसऱ्या क्लबाच्या मैदानावरच्या, मॅचला सवलत शोधत बसू नका. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या प्रेक्षकांचं तिकीट २०१६-१७ पासून ३० पाउंडांच्या वर जात नाही. तिथली अडचण पैशांची नसून लॉयल्टी पॉइंटांची (आधी किती मॅचला गेलात त्यावर मिळणाऱ्या गुणांची) आहे, आणि ते वर्षानुवर्षं प्रवास करणाऱ्यांकडे असतात.

जर्मनीत आखन, म्युनिक, डॉर्टमुंडला असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे सवलत विद्यार्थ्यांना सर्रास मिळते, ‘एरमेसिग्ट’ या नावाने. पण उभं राहायच्या जागा सगळ्यांनाच परवडतील अशा ठेवलेल्या असल्याने कुणाला कुणाचा हेवा वाटत नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये २४ हजारांहून जास्त लोक उभे राहतात. हे आपोआप टिकलेलं नाही. उभ्याच्या तिकिटाने २० युरो ओलांडले म्हणून २०१० मध्ये डॉर्टमुंडच्या प्रेक्षकांनी ‘काइन त्स्वानी’ (‘वीस नकोत’) ही मोहीम काढली, शेजारच्या शाल्के क्लबाविरुद्धच्या मॅचवर बहिष्कार टाकला. २०१६ मध्ये श्टुटगार्टला महागड्या तिकिटांच्या निषेधार्थ मैदानात टेनिस बॉल फेकले. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर वरच्या दोन श्रेणींतल्या उभ्याच्या जागाच गेल्या. त्या परवान्याने परत आल्या २०२२ मध्ये, आणि तोवर दर कुठल्या कुठे पोचले होते.

तिकीट घेतलं आणि जाणं जमत नसेल तर काय, हा प्रश्न शेवटी सगळ्यांना पडतो. ग्रुपवर विकू नका. इंग्लंड-वेल्समध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्याने तो धोका पत्करू नये. क्लबच्या तिकीट एक्स्चेंजवर टाका. सवलतीची तिकिटं तिथे कधी घेत नाहीत, तेव्हा तिकीट खिडकीला ईमेल करून सीट सोडत असल्याचं निदान आदल्या दिवशी कळवा. किती विद्यार्थी तिकिटं विकली आणि त्यातली किती फाटकावर लागली, हे दोन्ही आकडे क्लबकडे असतात. पुढच्या मंगळवारची ऑफर काढायची की नाही, ते त्यांवरूनच ठरतं.