धुळीतली फौज

देवगिरीवर चाललेल्या एका फिल्मचं एडिटिंग माझ्याकडे आहे. परवा संभाजीनगरच्या एडिट रूममध्ये १२९६ ची लढाई लावायला घेतली. रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेला मागे रेटतो, लढाई जिंकल्यात जमा असते आणि तेवढ्यात धुळीचा लोट उठतो. दिल्लीची मोठी फौज आली असं समजून यादवांची फळी फुटते. खरं तर आलेला असतो किल्ल्याच्या वेढ्यावर ठेवलेला खिलजीचाच सरदार नुसरतखान, हजारेक स्वार घेऊन. फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय.

आमच्याकडे घोडे बारा. दिग्दर्शकाचा जीव ड्रोनच्या वाइड शॉटमध्ये अडकलेला. घोडे पुरवणारे मामा हिशेबासाठी खुलताबादहून आले होते, तेही खुर्ची ओढून बसले. सीन चालवला तसे म्हणाले, "भाऊ, कपाळावर टिळा असलेली ती माझीच घोडी. तिसऱ्यांदा पळायली बघा."

बरोबर धरलं त्यांनी. घोडे नीट दिसले की माणूस ते मोजतो. ड्रोनमध्ये तर बाराच्या बारा दिसत होते, वर कोपऱ्यात चांदमिनार. तो बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला. या लढाईत तो येणार कुठून!

वाइड काढूनच टाकला. आधी टापांचा आवाज, शंकरदेवाच्या जल्लोषावर हळूच चढवलेला. मग मागच्या फळीतला एक पोरगा नुसती मान वळवतो. हा तुकडा टेकच्या अगदी शेवटी सापडला, 'कट' म्हणायच्या जरा आधीचा. त्यावर धूळ. नुसती धूळ, सहा सेकंद.

"दादा, फार लांबतंय," दिग्दर्शक चुळबुळला. त्याला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मधला (१९६२) ओमर शरीफचा प्रवेश दाखवला. मृगजळात थरथरणारा एक ठिपका, आणि संकलक अ‍ॅन कोट्सला कापायची कसलीही घाई नाही. भराभर कापून सिनेमा भव्य होत नाही, नजरेला शोधायला लावावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

धुळीनंतर पुन्हा तोच पोरगा, आता भाला खाली. मग घोडे, तेही तुकड्यांनी: छाती, रिकीब, टाप. प्रत्येकी बारा-चौदा फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. टिळा कुठेच येऊ दिला नाही.

दिग्दर्शकाने पुन्हा पाहिलं आणि धूळ अजून एक सेकंद वाढवायला सांगितली. मामा मात्र खूश नव्हते. "ह्या टापा फरशीवरच्या हायेत. मुरमावर घोडा असा वाजत न्हाई."

आवाज लायब्ररीतला होता. रविवारी माइक घेऊन खुलताबादला जातोय.